एवढं शिकून हेच?

मंडळी, गेल्या जुलैतली गोष्ट. शनिवारची दुपार. मी गॅरेजमध्ये गुडघ्यावर बसलोय, दातात चिकटपट्टीचा तुकडा, हातात स्क्रू ड्रायव्हर, समोर भिंतीवर उघडी पेटी आणि तिच्यातून लोंबणारी रंगीबेरंगी वायरींची जुडी. असा माझा फोटो आमच्या चिरंजीवांनी काढला आणि बायकोने तो कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला.

कौतुक तिचं. बाकीच्यांचं ऐका.

आत्या म्हणाली, "अरे, तिकडे माणसं मिळत नाहीत का रे?" एक काका म्हणाले, "इलेक्ट्रिकल इंजिनियर झालास तो वायरमन व्हायला?" धाकट्या चुलतभावाने विचारलं, "दादा, नवीन धंदा का? रेट काय?" वहिनींनी लिहिलं, "भावोजी, डिसेंबरात याल तेव्हा आमचा गीझर बघून जा हो." आणि सगळ्यांवर कडी म्हणजे मामी : "एवढं शिकून हेच करायचं होतं का?"

मी एक हसरा चेहरा टाकला आणि गप्प बसलो. पण मामीचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण ते वाक्य मामीचं नाहीच. ते आपल्या सगळ्या घराचं आहे, मी ते लहानपणापासून ऐकत आलोय. तर हे उत्तर. ग्रुपवरच्या सगळ्यांनी वाचावं अशी इच्छा आहे. राग आलाच तर डिसेंबरात भेटतोच आहोत.

आधी त्या पेटीची ओळख करून देतो. टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत घराबरोबर हिरवळ येते आणि हिरवळीबरोबर तिला पाणी घालणारी यंत्रणा. जमिनीखाली पाइप, वेळ झाली की मातीतून डोकं वर काढणारे फवारे, आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारी गॅरेजच्या भिंतीवरची एक प्लॅस्टिकची पेटी, म्हणजे कंट्रोलर. आमचं अंगण सहा तुकड्यांत वाटलेलं आहे. प्रत्येक तुकड्याला एक व्हॉल्व्ह. पेटी ते एकामागून एक उघडते नि बंद करते. गावाकडे वीज येईल त्या वेळी, रात्री-बेरात्री बॅटरी घेऊन शेतकरी दारे धरायला जातो ना, तेच काम. इथे ते पेटी करते आणि मालक झोपलेला असतो.

आणि पाणी घालायचं कशाला? तर बर्म्युडा नावाच्या गवताला. पहिल्यांदा वाकून नीट पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. अहो, ही तर आपली हरळी! शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला वाहतो त्या दूर्वा. आजोळी जी शेतातून खणून काढता काढता माणसं मेटाकुटीला यायची, ती नीट वाढावी म्हणून मी इथे पाण्याचं बिल भरतो. असो. या वेडेपणाकडे पुन्हा येतोच.

तर झालं असं, की चौथा तुकडा, नेमका दारासमोरचाच, पिवळा पडायला लागला. बाकीचे पाच हिरवेगार. आणि त्याच आठवड्यात शहराच्या पाणीखात्याची चिठ्ठी दाराला लटकलेली : ठरलेल्या दिवसांखेरीज तुमच्याकडे पाणी चालू दिसलं, हा पहिला इशारा. आमच्याकडे आठवड्यातून दोनच दिवस पाणी घालायची परवानगी आहे. २०११ साली टेक्सासमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, त्यानंतर २०१२ साली डॅलस शहराने हा दोन दिवसांचा नियम कायमचाच करून टाकला. म्हणजे आमच्या घरात एका बाजूला गवत तहानेने मरत होतं आणि दुसऱ्या बाजूला आम्ही पाणीचोर ठरत होतो.

साहजिकच मी तेच केलं जे आपण सगळे करतो. माणूस बोलावला.

आले दोघे. एक इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात टॅबलेट. त्याने पेटीची दोन बटणं दाबली आणि निकाल दिला, "पेटी जळलीय. नवी बसवावी लागेल, ६८५ डॉलर. व्हॉल्व्हही जुने झालेत, सहाच्या सहा बदललेले बरे. त्याचं वेगळं कोटेशन देतो."

मी विचारलं, "काय जळलंय?"

"बोर्ड."

"कशामुळे?"

त्याने खांदे उडवले. पेटीचं झाकण उघडलं नव्हतं हो त्याने!

दुसरा माणूस वयस्कर, गुडघे चिखलाने भरलेले, इंग्रजी मोडकंतोडकं. तो मघापासून अंगणात चौथ्या व्हॉल्व्हचं झाकण उघडून आत डोकावत होता. जाताना माझ्याजवळून गेला तेव्हा हळूच म्हणाला, "नंबर फोर. कॉइल बॅड." शर्टवाल्याने त्याला काही विचारलं नव्हतं. तो म्हणाला ते कोटेशनमध्येही नव्हतं. आणि खरं सांगू? मीही त्याचं म्हणणं तेव्हा मनावर घेतलं नाही. बोलत होतो ते टॅबलेटवाल्याशी.

शनिवारी सकाळी मात्र ते ६८५ डॉलर घशाखाली उतरेनात. जुना मल्टिमीटर काढला, त्यात नवा सेल घातला, आणि पदवी मिळाल्यानंतर पहिल्यांदाच एक विजेची पेटी स्वतःच्या हाताने उघडली.

आता पेटीत काय असतं ते ऐका, म्हणजे माझी शरम तुम्हाला कळेल. घरातली १२० व्होल्टची वीज आधी एका ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि २४ व्होल्ट होऊन बाहेर पडते. पुढचा सगळा कारभार २४ व्होल्टचा. प्रत्येक व्हॉल्व्हला दोन वायरी. एक त्याची स्वतःची. दुसरी सगळ्यांना मिळून एकच, बहुधा पांढरी, तिला कॉमन म्हणतात. सहा व्हॉल्व्ह म्हणजे एकूण सात वायरी. ठरल्या वेळी ज्याच्या त्याच्या वायरीवर २४ व्होल्ट सोडायचे, एवढंच पेटीचं काम. व्हॉल्व्हच्या डोक्यावर तारेच्या वेटोळ्यांची एक कॉइल असते, तिला सॉलेनॉइड म्हणतात. तिच्यात वीज गेली की आतला छोटा दांडा वर उचलला जातो, रबरी पडद्याला वरून दाबून बसलेलं थोडंसं पाणी निसटतं, तिथला दाब उतरतो आणि खालच्या पाण्याच्याच जोराने पडदा उचलला जातो. म्हणजे दार उघडतं पाणीच. वीज फक्त कडी काढते.

बस्स. एवढंच. यासाठी चार वर्षांची पदवी लागत नाही, आणि ती असूनही मला ते माहीत नव्हतं.

मोजायला सुरुवात केली. ट्रान्सफॉर्मर २६ व्होल्ट दाखवत होता. भार नसला की २४ पेक्षा थोडे जास्तच दिसतात, म्हणजे तो ठणठणीत. तिसरा तुकडा चालू केला. कॉमन आणि तीन नंबर यांच्यात २५. चौथा चालू केला. शून्य. म्हणजे चौथ्याला वीज सोडणारा पेटीतला इलेक्ट्रॉनिक स्विच मेला होता. इथपर्यंत शर्टवाला बरोबर. पण तो मेला कशाने?

यूट्यूबवर एक गृहस्थ सांगत होते, चौथी वायर काढून तिसऱ्याच्या जागी लावून बघा. तसं केलं असतं तर बहुधा तिसराही गेला असता. मी पेटीचा प्लग काढला, चौथी वायर आणि कॉमन दोन्ही सोडवल्या आणि त्यांच्यातला रोध मोजला. धडधाकट कॉइल साधारण २० ते ६० ओहम दाखवते. बाकीच्या पाचही तिशीच्या आसपास होत्या. चौथी : ३ ओहम. आतून शॉर्ट. ती नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढत होती आणि तिनेच पेटीचा स्विच खाल्ला होता. अंगणात जाऊन व्हॉल्व्हपाशी कॉइल वायरीपासून तोडून पुन्हा मोजली. तिथेही तीनच. म्हणजे जमिनीखालची वायर चांगली आणि दोष कॉइलचा.

नंबर फोर. कॉइल बॅड.

त्या चिखलातल्या माणसाने मीटर न लावता जे सांगितलं होतं ते शोधायला मला दोन तास लागले. आणि नुसती पेटी बदलली असती तर ६८५ डॉलर मोजूनही चौथा तुकडा पिवळाच राहिला असता. हल्लीच्या पेट्या शॉर्ट ओळखतात, तेवढा तुकडा वगळतात आणि पडद्यावर चूक दाखवतात. मग पुन्हा फोन, पुन्हा टॅबलेट.

आणि ती पाणीखात्याची चिठ्ठी? मध्ये वादळात आमच्याकडे वीज गेली होती. पेटीत घड्याळ सांभाळायला ९ व्होल्टची एक बॅटरी असते, ती केव्हाच संपलेली. वीज परत आली तेव्हा आमची जुनी पेटी सगळं विसरून गेली आणि कारखान्यातून शिकून आली होती तेच करायला लागली : रोज, प्रत्येक तुकड्याला १० मिनिटं. म्हणजे आम्हाला गुन्हेगार ठरवलं ते एका मेलेल्या बॅटरीने. ती बदलायची असते हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नाही, कारण मी कोणाला विचारलंच नाही.

सहा तुकड्यांची नवी पेटी ११० डॉलरला मिळाली, कॉइल १८ डॉलरला. वायरी सोडवण्याआधी फोटो काढला, प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर घातला, जुनी पेटी उतरवली, नवी टांगली, नंबरावर नंबर लावले. पाण्याचा मुख्य नळ बंद करून जुनी कॉइल हाताने फिरवून काढली, नवी बसवली, वायरींच्या जोडावर पाणी शिरू न देणाऱ्या टोप्या घातल्या. आणि मग बटण दाबलं तर काहीच होईना! अर्धा-पाऊण तास घाम गाळला. शेवटी माहितीपत्रक वाचलं (आपण ते शेवटीच वाचतो). पावसाचा सेन्सर नसेल तर त्याच्या दोन जागा एका छोट्या तारेने जोडून ठेवायच्या असतात, आणि ती तार मी "ही कशाला" म्हणून उपटून कचऱ्यात टाकली होती. चिरंजीवांनी ती कचऱ्यातून शोधून दिली. तो फोटो त्याच वेळचा.

मग चौथा तुकडा फुस्स करून उठला.

आता मामीच्या प्रश्नाकडे येतो. "एवढं शिकून हेच?" मामी, मी काय शिकलो ते सांगतो.

पुण्यातल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात चार वर्षं. मशीन्सची प्रॅक्टिकल्स असायची. ट्रान्सफॉर्मरवर ओपन सर्किट टेस्ट आणि शॉर्ट सर्किट टेस्ट, डीसी मोटरचा वेग कमीजास्त करणं वगैरे. आम्ही पंधरा जण एका टेबलाभोवती. लॅबमधल्या मामांनी सगळ्या वायरी आधीच जोडून ठेवलेल्या. सर यायचे, बघायचे, जायचे. मामा स्विच दाबायचे. आमच्यातला एकजण मीटर वाचायचा, एकजण लिहून घ्यायचा, तेरा जण कॅन्टीनच्या गप्पा मारायचे. जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेलं, आकडेसुद्धा. सबमिशनच्या दिवशी सह्या. परीक्षेत शॉर्ट सर्किटवर दहा मार्कांचं उत्तर आकृतीसह लिहिलं आणि नऊ मिळवले. फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन! पण शॉर्ट सर्किट प्रत्यक्ष हाताखाली यायला मला वयाची पन्नाशी यावी लागली.

त्या लॅबमध्ये मशीन कोणाला कळत होतं? मामांना. ते दहावी तरी होते की नाही, मला माहीत नाही. त्यांच्याकडून आम्ही काही शिकलो का? नाही. कारण ते "मामा" होते. प्रेमाचा शब्द वापरायचा आणि माणसाला बरोबर त्याच्या पायरीवर बसवायचं, ही आपली जुनी हातोटी.

आणि ही हातोटी आपण घरूनच घेऊन जातो.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. घरातला फ्यूज उडाला आणि वायरमन आले. स्टुलावर चढून त्यांनी तो पांढरा चिनीमातीचा फ्यूज काढला आणि मी खाली उभा राहून बघतोय म्हटल्यावर तो माझ्यासमोर धरला. म्हणाले, "ही तार बघ. जाड लावली तर चालते, पण मग आग लागते. तार बारीकच पाहिजे. ती जळते म्हणून घर वाचतं." मी ते फ्यूजचं भांडं हातात घेणार एवढ्यात घरातलं मोठं माणूस (नाव घेत नाही, ग्रुपवर आहेत) मला दंडाला धरून आत घेऊन गेलं. आणि जाता जाता म्हणालं, चांगलं खणखणीत आवाजात, "अभ्यास कर. नाहीतर मोठेपणी हेच करावं लागेल."

वायरमन स्टुलावरच होते. त्यांनी ऐकलं. तार बसवली, दिवे लावून दाखवले, पैसे घेतले. त्यांना चहा दिला गेला तो खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातून. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी तो कप स्वतः विसळला आणि पुन्हा खिडकीत उपडा ठेवला. कोणी सांगायची गरजच नव्हती. तो कप वेगळा का होता, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आपण बोलत नाही इतकंच.

मंडळी, माझं भांडण आहे ते त्या "नाहीतर"शी. त्या एका शब्दात आपण दोन गुन्हे करतो. समोरच्या माणसाचं काम त्याच्याच तोंडावर शिक्षा म्हणून वापरतो. आणि आपल्या पोराच्या मनात कायमचं भरवतो की हात म्हणजे फक्त पेन धरायला आणि जेवायला. एखाद्या कामाला हलकं म्हणायचं असेल तर ते करणाऱ्याला आधी हलकं ठरवावं लागतं. ते काम आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या झालेलं होतं. माझ्या वाट्याला फक्त त्याचं फळ आलं : हातात डिस्टिंक्शन आणि घरात सात वायरींची पेटी उघडायची भीती.

वर आपण कोणाची चरित्रं मुलांना बक्षीस देतो? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावच्या सायकलच्या दुकानात रमले, मग कडबा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पोरांना कष्ट करून शिकायला लावलं, "कमवा आणि शिका". त्यांच्या लेखी कुदळ आणि पुस्तक यांच्यात "नाहीतर" नव्हतं, "आणि" होतं. आपण त्यांच्या तसबिरींना हार घालतो आणि पोराने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की "ठेव तो, लागेल" म्हणतो.

आता तुमचे आक्षेप. ते मला पाठ आहेत.

पहिला : "तुझ्या एका तासाची किंमत बघ. चार तास घालवलेस त्यात." काका, शनिवारी दुपारी मला कोणीही तासाचे पैसे देत नाही. ते चार तास मी जुनी वन-डे मॅच बघण्यात घालवले असते, आणि तेव्हा तुम्ही माझ्या तासाची किंमत काढली नसती. वेळेचा हिशेब आपल्याला फक्त हात मळणार असले की आठवतो.

दुसरा : "अरे, त्या गरिबांचं पोट भरतं, त्यांचं काम कशाला काढून घ्यायचं?" हा आक्षेप ऐकायला फार छान वाटतो. पण हे म्हणणारी मंडळी प्लंबर निघाला की पन्नास रुपयांसाठी दारात पाच मिनिटं घासाघीस करताना मी पाहिलेली आहेत. "एवढ्याशा कामाचे एवढे?" असं तीच विचारतात. ते काम एवढंसं आहे की नाही, हे ज्याने कधी केलंच नाही त्याला कसं कळणार? मला त्या शनिवारी कळलं. आता व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उपडं पडून कॉइल काढणाऱ्याचं बिल मी निमूट देईन, वर आभार मानीन. पण झाकण न उघडता निकाल देणाऱ्याला देणार नाही. हात घातल्याशिवाय या दोघांतला फरक कळत नाही. आणि ते ६८५ डॉलर त्या चिखलातल्या म्हाताऱ्याच्या खिशात जाणार होते, असं तुम्हाला वाटतं की काय? अमेरिकेलाही फार चढवू नका. तिथेही ज्याला कळत होतं त्याला कोणी विचारत नव्हतं. त्यात मीही आलो.

तिसरा : "विजेशी खेळ कशाला? काही झालं म्हणजे?" हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला मान आहे. माझी पेटी प्लगची आहे. प्लग काढला की मेली. व्हॉल्व्हकडे जाणारा सगळा भाग २४ व्होल्टचा. जिथे पेटी थेट भिंतीतल्या १२० व्होल्टला जोडलेली असते तिथे आधी मेन बंद करायचा आणि शंका असेल तर लायसन्सवाल्याला बोलवायचं. घराच्या मुख्य विजेच्या पॅनेलला मी हात लावत नाही, लावणारही नाही. दुसऱ्याच्या घरी ही पाण्याची कामं करायला टेक्सासमध्ये राज्याचं लायसन्स लागतं. स्वतःच्या घरी मालकाला मुभा आहे. पण काय धोक्याचं आणि काय नाही, हेसुद्धा माहिती असलेलाच सांगू शकतो. सरसकट भीती म्हणजे सावधपणा नव्हे.

चौथा आक्षेप कोणी घेतला नाही, तो मीच घेतो. मुळात दूर्वांना सहा व्हॉल्व्ह लावून पाणी घालायचं हाच मूर्खपणा नाही का? आहे. माझ्या आजोळी दुष्काळात टँकरपुढे हंड्यांची रांग लागायची, आणि मी इथे रस्त्यावर पाणी वाहवत होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या वॉटरसेन्स नावाच्या कार्यक्रमाचा अंदाज असा, की इथल्या घरगुती पाण्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग बागेवर जातो, आणि बाहेर वापरलेल्या पाण्यातलं ५० टक्क्यांपर्यंत पाणी वाऱ्याने, उन्हाने आणि वाहून वाया जातं. हे मी वर्षानुवर्षं वाचत होतो आणि मान हलवत होतो. वाया घालवणारी पेटी माझ्याच भिंतीवर होती, पण ती "माणसाचं काम" होती. तिचं वेळापत्रक त्याने लावलेलं, दोष त्याचा, मी आपला बिल भरणारा.

पेटी हातात आल्यावर हे सोंग चालेना. आमच्याकडची माती थेट आपल्या काळ्या रानासारखी, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. ती पाणी सावकाश पिते. एका दमात १२ मिनिटं सोडलं की निम्मं गटारात. म्हणून आता चार-चार मिनिटं तीनदा, मध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाची उसंत, तेही पहाटे आणि ठरलेल्या दोनच दिवशी. मागच्या दोन तुकड्यांचं पाणी पूर्ण बंद केलंय. तिथल्या हरळीला म्हटलं, बाई, तू आजोळी बांधावर कोणाच्या जिवावर जगत होतीस? तशीच जग इथे. जगतेय ती. थोडी पिवळी, पण जगतेय. हे सगळं मला पेटी दुसऱ्याच्या ताब्यात असताना सुचलं नव्हतं. काम दुसऱ्याला देताना आपण नकळत जबाबदारीही देऊन टाकतो, आणि मग ती कोणाचीच राहत नाही.

तेव्हा मामी, "एवढं शिकून हेच?" याचं उत्तर असं आहे : एवढं शिकूनही हे येत नव्हतं, याची लाज वाटायला हवी होती. हे केल्याची नाही.

आणि आता एक मागणं, ग्रुपवरच्या सगळ्यांकडे. पुढच्या वेळी घरी वायरमन, प्लंबर, सुतार कोणीही येईल तेव्हा त्याला बसायला खुर्ची द्या आणि चहा तुमच्याच कपातून द्या. घरातलं पोर जवळ जाऊन बघत असेल तर त्याला आत ओढू नका. बघू दे. जमलं तर पाना पकडू दे. तो माणूस बहुधा आनंदाने दाखवेल. माझ्या त्या वायरमनकाकांनी दाखवलंच होतं की. तार बारीक का लावायची, हे मला कॉलेजात नाही, त्यांनी स्टुलावरून सांगितलं. तेवढं एक वाक्य चाळीस वर्षं लक्षात राहिलं. पुढची वाक्यं ऐकायची राहून गेली.

ता.क. वहिनी, डिसेंबरात येतोय. मीटर घेऊनच. गीझर बघतो, पण एका अटीवर. मेन बंद करून मी झाकण उघडलं की दोन्ही भाचरं शेजारी बसवायची, आणि अभ्यास कर म्हणून कोणी हाक मारायची नाही. आणि ज्यांच्याकडे अशी जुनी पेटी आहे त्यांनी आजच उठून ती ९ व्होल्टची बॅटरी बदला. एवढ्याला माणूस लागत नाही :)